फरशीखाली काय आहे?

‘अमक्याच्या घराचा स्लॅब टाकला’ असं कुणी म्हटलं की आपली मान आपोआप वर जाते. स्लॅब म्हणजे आपल्याला छत. पण आज आम्ही ज्या गावाची गोष्ट सांगणार आहोत, तिथे स्लॅब पायाखाली होता आणि त्यावरून मोठा वाद झाला होता.

गाव अमेरिकेतलं, न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला, लाँग आयलंडवर. दुसरं महायुद्ध १९४५ साली संपलं. लाखो सैनिक घरी परतले, पण राहायला घरंच नव्हती. सासर-माहेरच्या एका खोलीत दोन-दोन संसार चालले. शिकागोत तर ट्रामचे जुने डबे घर म्हणून विकले गेले. अशा वेळी अब्राहम लेव्हिट आणि त्यांची मुलं विल्यम व आल्फ्रेड यांनी बटाट्याची शेतं घेऊन तिथे हजारो सारखी घरं बांधायला काढली. वस्तीचं नाव पुढे लेव्हिटटाउन पडलं.

तिकडे घराच्या तळाचे तीन प्रकार. पहिला तळघराचा. कोळसा, भट्टी, धुणं, अडगळ, सगळं खाली. दुसरा पोकळ जोत्याचा. चारी बाजूंनी बुटकी भिंत, त्यावर लाकडी तुळया आणि फळ्यांची जमीन. खाली माणूस सरपटत जाईल एवढीच जागा. पाण्याचा नळ गळला तर कारागीर आत सरपटतो, जोड घट्ट करतो आणि बाहेर येतो. पण मातीची ओल वर चढते, लाकूड कुजतं, वाळवी लागते. म्हणून मग आतल्या मातीवर छपराचा जाड डांबरी कागद अंथरायची युक्ती निघाली. तिसरा प्रकार स्लॅबचा. जमीन सपाट करून तिच्यावर थेट काँक्रीट ओतायचं. ना खोदाई, ना पोकळी.

लेव्हिट मंडळींनी युद्धकाळात व्हर्जिनियातल्या नॉरफोकला नौदलासाठी घरं बांधली होती, भराभर काम उरकायची सवय तिथलीच. त्यांनी स्लॅब निवडला. अडचण एकच होती. हेम्पस्टेडच्या स्थानिक नियमाप्रमाणे घराला तळघर हवंच होतं. तळघराशिवाय घर म्हणजे झोपडं, असं काहींना वाटे. मे १९४७ मध्ये नियम बदलायचा की नाही यावर सुनावणी ठेवली गेली. ‘न्यूजडे’ वर्तमानपत्राने लोकांना या म्हणून हाक दिली. परतलेले सैनिक बायकामुलांसह शेकड्यांनी आले, सभागृह भरून गेलं आणि नियम बदलला. आमच्या मते या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा प्रसंग हाच. ज्यांना भाड्याच्या कोंदट खोल्यांतून सुटायचं होतं, त्यांच्यासाठी पायाचा नियम म्हणजे घराचा दरवाजाच होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरात पहिली कुटुंबं राहायला आली. भाडं महिन्याला ६० डॉलर. घर २५ फूट बाय ३० फूट, दोन झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर पुढच्या बाजूला. तळघर गेल्यामुळे पाणी तापवायची शेगडी थेट स्वयंपाकघरात आली, आणि कपडे धुवायचं यंत्र घराबरोबरच मिळालं. स्लॅबच्या आत तांब्याच्या नळ्या पुरल्या होत्या. त्यांतून गरम पाणी फिरायचं आणि बर्फाच्या दिवसांत फरशी पायांना ऊबदार लागायची. रांगत्या मुलांच्या आया खूश होत्या, यात नवल ते काय! १९५१ पर्यंत अशी १७,४४७ घरं झाली.

पण हे घर सगळ्यांसाठी नव्हतं. भाडेकरारात एक कलम होतं. गोऱ्या वंशाखेरीज कुणालाही तिथे राहू द्यायचं नाही, घरकामाला ठेवलेल्या माणसांना तेवढी सूट. म्हणजे काळी बाई तिथली ऊबदार फरशी पुसू शकत होती, तिच्यावर आपलं मूल रांगवू शकत नव्हती. तिचा नवराही युद्धावर जाऊन आलेला असेल, तरी तेच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली सांगितलं की न्यायालयं अशा अटी अमलात आणू शकत नाहीत. कलम कागदावरून गेलं, वागणूक मात्र नंतरही बरीच वर्षं तीच राहिली.

आणि त्या नळ्या? वर्षं गेली तशा अनेक घरांत त्या गळू लागल्या. पोकळ जोतं असतं तर कुणी विजेरी घेऊन आत शिरलं असतं. इथे गळती शोधायची तर फरशी फोडावी लागे. पुष्कळांनी तो नाद सोडला, नळ्या आहेत तिथेच राहू दिल्या आणि भिंतींच्या कडेने नव्या नळ्या फिरवून घर गरम केलं. फरशी मात्र थंड पडली. मग तिच्यावर सतरंज्या आल्या.