भाजीचं दुकान घरापासून किती लांब? आरोग्य संशोधक हे कसं मोजतात?

एखाद्या भागात लठ्ठपणा किंवा मधुमेह जास्त का, हे शोधताना संशोधक लोकांच्या ताटाबरोबर त्यांचा परिसरही तपासतात. ताजी भाजी जवळ मिळते का? की कोपऱ्यावर फक्त वेफर्स आणि कोल्ड्रिंक? ऐकायला सोपं वाटतं, पण मोजायची पद्धत बदलली की उत्तर बदलतं. आणि सरकारी पैसा कोणत्या वस्तीत जाणार, हे बऱ्याचदा याच उत्तरावर ठरतं.

फूड डेझर्ट म्हणजे काय?

पौष्टिक अन्न परवडेल अशा दरात जिथे जवळपास मिळत नाही, असा गरीब भाग. हा शब्द १९९० च्या दशकात स्कॉटलंडमधून पुढे आला. अमेरिकेच्या कृषी खात्याने त्याला आकड्यांत बसवलं. जनगणनेच्या एखाद्या विभागात किमान ५०० लोक किंवा ३३ टक्के लोकसंख्या सुपरमार्केटपासून १ मैलापेक्षा (सुमारे १.६ किमी) लांब राहत असेल, तर तिथे अन्नाची 'पोहोच कमी' आहे असं मानतात. ग्रामीण भागासाठी हीच मर्यादा १० मैल. शहरांसाठी हेच खातं अर्ध्या मैलाचा निकषही वापरतं. तो लावला की 'पोहोच कमी' असलेले विभाग एकदम वाढतात, दुकानं मात्र होती तिथेच असतात!

मोजायच्या मुख्य पद्धती

* अंतर: घरापासून सर्वात जवळचं दुकान किती लांब? नकाशावर सरळ रेघ मारली तर ५०० मीटर, पण मध्ये रेल्वेमार्ग किंवा महामार्ग असेल तर रस्त्याने त्याच्या दुप्पट.
* संख्या: घराभोवती ठरावीक अंतरात किती दुकानं आणि किती हॉटेलं आहेत?
* प्रमाण: अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेचा निर्देशांक एकूण दुकानांपैकी 'आरोग्यदायी' किती, हे टक्क्यांत सांगतो. फास्ट फूडची गर्दी असलेल्या भागाला 'फूड स्वॅम्प', म्हणजे अन्नाची दलदल, म्हणतात.
* दुकानात जाऊन पाहणी: प्राध्यापक कॅरन ग्लांझ आणि सहकाऱ्यांनी तयार केलेल्या 'नेम्स' पद्धतीत प्रशिक्षित माणसं दुकानात जाऊन काय मिळतं, किती किमतीला आणि कोणत्या दर्जाचं, हे नोंदवतात.

गफलत कुठे होते?

पहिली अडचण यादीची. बंद पडलेली दुकानं यादीत राहतात, नवी दिसत नाहीत. म्हणून काही संशोधक गल्लोगल्ली फिरून खात्री करतात.

दुसरी अडचण म्हणजे माणूस दिवसभर घरी नसतो. २०१४ मध्ये 'बीएमजे'त आलेल्या केंब्रिजशायरच्या अभ्यासात घर, कामाची जागा आणि जाण्यायेण्याचा रस्ता अशा तिन्ही ठिकाणची टेकअवे दुकानं मोजली. ज्यांच्या वाट्याला अशी दुकानं सर्वाधिक होती, त्यांचा बीएमआय सरासरीने जास्त आढळला.

मग सुपरमार्केट उघडलं की झालं?

नाही. फिलाडेल्फियात नवं सुपरमार्केट आल्यावर अन्न जवळ मिळतं असं लोकांना वाटू लागलं, पण फळं-भाज्या खाण्यात किंवा वजनात लक्षणीय फरक पडला नाही, असं २०१४ च्या अभ्यासात दिसलं. २०१९ मध्ये हंट ऑलकॉट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या खरेदीचा हिशोब मांडला. गरिबांना श्रीमंतांसारखीच दुकानं आणि तेच दर मिळाले, तरी दोघांच्या आहारातली दरी जेमतेम १० टक्क्यांनी कमी होईल, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे अंतर हा प्रश्नाचा एक भाग झाला. उत्पन्न, शिक्षण आणि खाण्याच्या सवयी हेही तितकेच मोजायला हवेत.

आपल्याकडे हे निकष चालतील का?

जसेच्या तसे नाही. आपली भाजी हातगाडीवर, मंडईत किंवा आठवडी बाजारात मिळते. सुपरमार्केटच मोजलं, तर दारात भाजीवाली येणारी वस्तीसुद्धा 'डेझर्ट' ठरेल. सीडीसीच्या निर्देशांकात तीन किंवा त्याहून कमी कर्मचारी असलेलं छोटं किराणा दुकान 'कमी आरोग्यदायी' गटात जातं. म्हणजे डाळ, तांदूळ, ज्वारी विकणारा आपला वाणीही त्यातच!

त्यामुळे असा एखादा नकाशा व्हायरल झालेला दिसला, तर शेअर करण्याआधी तीन गोष्टी पाहा: कोणती दुकानं मोजली, अंतर कुठून मोजलं आणि भाव विचारात घेतला का?