नव्या पिढीचं काही कळेनासं का होतं? झाडीपट्टीतून समजून घ्या

दिवाळी झाली, धान घरात आलं की चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांमध्ये नाटकाचे मंडप उभे राहतात. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. आजोबा, सून, कॉलेजातला नातू, सगळे एकाच मंडपात बसतात. मधेच चित्रपटाच्या गाण्यावर नाच सुरू होतो. मागून शिट्ट्या येतात आणि पुढे बसलेल्या आजोबांना वाटतं, आता पूर्वीसारखं नाटक राहिलं नाही.

वय वाढताना जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी असं वाटतं. पण असं का होतं?

आवडी कधी ठरतात?

चाळिशी ओलांडलेल्यांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी जास्त येतात, असं मानसशास्त्राच्या अभ्यासांत दिसलं आहे. पहिली मैत्री, पहिलं प्रेम, पहिली कमाई याच काळातली असते. तेव्हाची गाणी आणि भाषा मनात घट्ट बसतात आणि पुढचं सगळं त्याच मापानं मोजलं जातं.

मंडपात काय बदललं?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा झाडीपट्टीचा भाग. गडचिरोलीतलं वडसा हे इथल्या नाटक कंपन्यांचं केंद्र. या रंगभूमीचं मूळ दंडार, खडी गंमत अशा लोककलांमध्ये आहे. दंडारीत बायकांची कामं पुरुष करत, पुढे नाटकात स्त्री कलाकार आल्या. म्हणजे आज ज्येष्ठांना 'आपलं' वाटणारं नाटकही एकेकाळी नवंच होतं.

झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावावर ५ हजारांहून अधिक प्रयोग आहेत. इतकी वर्षं प्रयोग चालतात, कारण दर हंगामात नवा प्रेक्षकही मंडपात येतो.

दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक ही इथली जुनी जोडी. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलांच्या शर्यती थांबल्या. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना पुन्हा परवानगी मिळाली. तोवर २०१४ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा सतरा वर्षांचा झाला होता. ज्या वयात पटाची गोडी लागते, ते वय पटाविना गेलं. दोन पिढ्यांमधलं अंतर असंही वाढतं.

कोण कोणाला शिकवतं?

मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड यांनी १९७० च्या पुस्तकात समाजाचे तीन प्रकार सांगितले. पहिल्यात लहान मोठ्यांकडून शिकतात. दुसऱ्यात दोघंही आपापल्या बरोबरीच्यांकडून शिकतात. तिसऱ्यात मोठ्यांना लहानांकडून शिकावं लागतं. मोबाइलवरून पैसे कसे पाठवायचे हे नातवाला विचारणारे आजोबा या तिसऱ्या प्रकारात येतात. अडचण मोबाइलची नसते. आयुष्यभर सांगणाऱ्याला आता विचारावं लागतं, हे जड जातं.

गडचिरोलीतल्या माडिया आणि गोंड गावांमधलं गोटुल या दृष्टीनं पाहण्यासारखं आहे. संध्याकाळी तरुण मुलंमुली तिथे जमतात, गाणी आणि नाच शिकतात. अनेक ठिकाणी गावाची बैठकही तिथेच भरते. तरुणांची जागा गावाच्या मधोमध असल्यानं तिथे काय चाललंय ते मोठ्यांच्या कानावर असतं. आता बरीच मुलं निवासी आश्रमशाळेत किंवा शहरात शिकतात. त्यांची 'गोटुलं' फोनमध्ये असतात आणि तिथे आजी-आजोबांना शिरता येत नाही.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं मोडकळीला आलेली ही परंपरा सावरायला नवं गोटुल बांधलं. सागाचं लाकूड वापरलं म्हणून वनखात्यानं ते पाडलं. गावानं ते पुन्हा उभं केलं आणि आसपासच्या गावांनीही साथ दिली. तरुणांसाठीची जागा वाचवायला अख्खं गाव उभं राहिलं होतं.

मग करायचं काय?

नातवाची गाणी आवडलीच पाहिजेत असं नाही. त्याचे शब्दही पाठ करायची गरज नाही. पण दोघांनी एकत्र बसण्याची एक तरी जागा टिकवायला हवी. मंडपात आजोबांना नाच आवडत नाही आणि नातवाला लांबलेला रडका प्रवेश आवडत नाही. तरीही पहाटे दोघं एकाच वाटेनं घरी येतात आणि त्याच नाटकावर वाद घालतात. हा वाद होतोय, तोवर अंतर फार वाढलेलं नाही.