श्वासांची गणना आणि निदानाचा अधिकार : गडचिरोलीतील बालन्युमोनिया प्रयोग

महाराष्ट्राच्या आरोग्य-इतिहासात प्लेग व 1918 चा इन्फ्लुएन्झा यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे बालकांच्या न्युमोनियाला मिळालेले नाही. दरवर्षी घरोघरी निमूटपणे होणारे मृत्यू दप्तरात साथ म्हणून नोंदले जात नाहीत. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित इतिहासातील एका प्रयोगाचा विचार केला आहे.

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेची स्थापना केली. न्युमोनियावरील को-ट्रायमोक्साझोल हे औषध स्वस्त होते. अडचण निदानाची होती. क्ष-किरण यंत्र व स्टेथोस्कोप खेड्यापासून दूर होते. मात्र खोकला असलेल्या बालकाचा श्वास मिनिटाला 50 वा अधिक झाल्यास न्युमोनियाची शक्यता दाट असते, हे पापुआ न्यू गिनीत फ्रँक शॅन यांनी 1980 च्या दशकाच्या प्रारंभी दाखविले होते. परंतु निरक्षर सुईणीने पन्नासपर्यंत मोजावे कसे? यावर उपाय म्हणून एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ व मण्यांच्या दोन ओळी असलेले श्वासमापक तयार झाले. दर दहा श्वासांनंतर एक मणी सरकवावयाचा. मोठ्या बालकासाठी चार पांढरे व एक लाल, दोन महिन्यांखालील अर्भकासाठी पाच पांढरे व एक लाल मणी. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला की उपचार सुरू. मोजणी दहापर्यंतच आली, तरी निदान अडत नाही.

सुईणीच्या हाती प्रतिजैविक देणे हे वैद्यकीय व्यवसायाच्या रूढ चौकटीत बसणारे नव्हते. त्यामुळे पुरावा आवश्यक होता. 58 गावांत हे उपचार झाले. 44 गावे तुलनेसाठी होती. ‘लॅन्सेट’मध्ये 1990 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उपचार झालेल्या 612 रुग्णांत मृत्यूचे प्रमाण 0.8 टक्के होते, तर तुलनेच्या गावांतील रुग्णांत ते 13.5 टक्के होते. हा दुसरा आकडा वाचताना संख्याशास्त्राचा कोरडेपणा टिकत नाही. पाच वर्षांखालील दर हजार बालकांमागे न्युमोनियाचे मृत्यू अनुक्रमे 8.1 व 17.5 इतके होते.

पुढे याच संस्थेच्या नवजात बालसेवेच्या प्रयोगाच्या आधारे 2011 मध्ये देशभर गृहाधारित नवजात बालसेवा सुरू झाली. औषध बदलले, जागतिक आरोग्य संघटनेने 2014 पासून बालन्युमोनियासाठी अमॉक्सिसिलिनला प्राधान्य दिले. श्वास मोजण्याची रीत मात्र टिकली. परभणी जिल्ह्यातील आशा कार्यकर्तीही गृहभेटीत बाळाच्या छातीची हालचाल पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजते.