ॲप दिव्यांगांना वापरता येतं का, हे कसं तपासतात?

घरबसल्या बँक खातं उघडताना मोबाइलचा कॅमेरा सुरू होतो आणि सूचना येते, 'डोळ्यांची उघडझाप करा.' समोर फोटो नसून जिवंत माणूस आहे, याची खात्री करण्याची ही पद्धत. बहुतेकांचं काम दोन सेकंदांत होतं. पण ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना कायमची इजा झालेल्या व्यक्तीची केवायसी तिथेच अडते.

प्रज्ञा प्रसून यांच्या बाबतीत 2023 मध्ये हेच घडलं. त्यांची आणि दृष्टिहीन असलेल्या अमर जैन यांची याचिका एकत्र ऐकून सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं आणि 20 निर्देश दिले. ॲप आणि वेबसाइटची ठराविक काळाने सुगम्यता तपासणी करा, आणि नवी सेवा आणताना चाचणीत दृष्टिहीन व्यक्तींना सहभागी करून घ्या, हेही त्यात होतं.

ही तपासणी कशाच्या आधारे होते?

जगभर 'डब्ल्यूसीएजी' ही नियमावली वापरली जाते. मजकूर जाणवला पाहिजे, बटणं चालवता आली पाहिजेत, सूचना समजल्या पाहिजेत आणि हे सगळं वेगवेगळ्या उपकरणांवर टिकलं पाहिजे, ही तिची चार तत्त्वं. ए, एए आणि एएए असे तीन स्तर आहेत. प्रत्यक्षात लक्ष्य असतं ते बहुधा एए. भारतात सरकारी वेबसाइटसाठी 'जीआयजीडब्ल्यू' मार्गदर्शक तत्त्वं आहेत, शिवाय भारतीय मानक ब्युरोचं 'आयएस 17802' हे मानकही आहे.

मग सॉफ्टवेअरने तपासलं की झालं?

नाही, आणि सगळी गफलत इथेच होते. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतला फरक किमान 4.5 : 1 आहे का, हे सॉफ्टवेअर अचूक सांगतं. फोटोला वर्णन जोडलंय की नाही, तेही सांगतं. पण वर्णनाच्या जागी नुसतं 'फोटो 2034' लिहिलं असेल, तरी ते बहुतेक वेळा पास होतं. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला मात्र त्यातून काहीच कळत नाही.

म्हणून पुढचं काम माणसाचं. माउस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डवर अख्खा फॉर्म भरून पाहतात. एनव्हीडीए, टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर हे स्क्रीन रीडर लावून तोच फॉर्म पुन्हा भरतात. बटणावर नाव नसेल तर कानावर नुसतं 'बटण, बटण' येतं. ओटीपी टाकायला वेळ पुरतो का, कॅप्चाला चित्राशिवाय दुसरा पर्याय आहे का, व्हिडिओला कॅप्शन आहेत का, हेही पाहावं लागतं.

मराठी मजकुराची वेगळीच अडचण असते. पानाची भाषा कोडमध्ये इंग्रजी नोंदवली असेल, तर स्क्रीन रीडर मराठी वाक्य चुकीच्या आवाजात वाचतो किंवा गाळतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधलं मराठी डोळ्यांना व्यवस्थित दिसतं, कानाला मात्र निरर्थक इंग्रजी अक्षरं ऐकू येतात. स्कॅन केलेली पीडीएफ तर निव्वळ चित्रच. योजनेचा अर्ज अशा पीडीएफमध्ये असेल, तर बाकीची वेबसाइट कितीही चांगली असून उपयोग काय?

शेवटची आणि खरी कसोटी म्हणजे दिव्यांग व्यक्तीने कोणाच्याही मदतीशिवाय काम पूर्ण करून पाहणं. डोळ्यांच्या उघडझापेची अडचण रंग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला कधीच सापडली नसती.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये झाला. मात्र सुगम्यतेचे निकष सांगणारा त्याच्या नियमावलीतला नियम 15 कायद्याशी विसंगत असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला. निकष नुसते शिफारशीसारखे नकोत, सक्तीचे हवेत, असं त्यामागचं कारण होतं.

घरी करून पाहायचं असेल, तर अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये टॉकबॅक मिळतं. ते बंद कसं करायचं हे आधी पाहून ठेवलेलं बरं, कारण ते सुरू होताच एका टॅपचं काम दोन टॅपवर जातं. मग डोळे मिटून नेहमीच्या ॲपवरून विजेचं बिल भरून पाहावं. आणि केवायसी नाकारली गेली असेल, तर अर्ज माणसाकडून पुन्हा तपासून घेण्याची आणि दिव्यांगांच्या तक्रारींसाठी वेगळी सोय असावी, असंही 2025 च्या निकालात नमूद आहे. तक्रार करताना त्याचा उल्लेख करता येतो.