एका प्रश्नाचा इतिहास

भाईंदरच्या महाविद्यालयात ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ (1882) हा निबंध शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, ताराबाई लिहितात ते खरेच असणार, पण अशा बायका होत्या तरी किती?” वर्गात थोडे हसू उमटले. माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढे विचार करताना जाणवले, की ‘किती?’ हा प्रश्न विचारण्यासच आपल्या समाजाला शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या प्रश्नाचा इतिहास येथे थोडक्यात मांडावयाचा आहे.

ताराबाईंच्या काळी मोजदाद नव्हती असे नाही. जनगणना सुरू झाली होती, विवाहित मुली आणि विधवा वयोगटांनुसार मोजल्या जात होत्या, आणि सुधारक ते आकडे वादात वापरीतही होते. परंतु सरकारची मोजणी उंबरठ्याशी थांबत असे. घरात स्त्रिया किती, हे ती विचारी. त्यांच्याशी कसे वागले जाते, हे तिच्या कक्षेबाहेर होते.

स्वातंत्र्यानंतरही ही चौकट फारशी बदलली नाही. 1972 साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आरोपी पोलिसांना निर्दोष ठरविले, 1979 मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी त्या निकालाविरुद्ध खुले पत्र लिहिले, आणि 1980 पासून मुंबईसह देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. 1983 साली बलात्काराचा कायदा बदलला. त्याच वर्षी पतीच्या व सासरच्यांच्या क्रौर्याबद्दल कलम 498 अ आले. हे सारे एकेका प्रकरणाच्या बळावर घडले. संख्या म्हणून हाती होती ती केवळ पोलीस दप्तराची, आणि दप्तरात तीच स्त्री येते जी ठाण्याची पायरी चढते.

न चढणाऱ्या स्त्रीपर्यंत जाण्याचा मार्ग म्हणजे घरोघरचे सर्वेक्षण. कॅनडाने 1993 मध्ये केवळ स्त्रियांवरील हिंसेविषयी राष्ट्रीय सर्वेक्षण केले. आपल्याकडे हे काम आरोग्याच्या वाटेने आले. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण होते. 1992-93 च्या पहिल्या फेरीत हिंसेचा विषय नव्हता. 1998-99 च्या दुसऱ्या फेरीत विवाहित स्त्रियांना एक सर्वसाधारण प्रश्न विचारला गेला : वयाच्या पंधराव्या वर्षापासून तुम्हाला कोणी मारले किंवा शारीरिक छळ केला आहे काय? सुमारे 21 टक्के स्त्रियांनी ‘होय’ म्हटले.

2005-06 च्या तिसऱ्या फेरीत पद्धत बदलली. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मरे स्ट्रॉस यांनी 1979 मध्ये मांडलेल्या मापनपद्धतीच्या आधारे एकेक कृतीचे नाव घेऊन विचारणा झाली : पतीने थप्पड मारली काय? ढकलले काय? हात पिरगाळला, केस ओढले काय? लाथ मारली काय? इच्छेविरुद्ध, बळाने शरीरसंबंध केला काय? शारीरिक वा लैंगिक हिंसा पतीकडून कधी ना कधी सोसलेल्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण निघाले 37 टक्के. महाराष्ट्रात सुमारे 31.

सात वर्षांत पुरुष एकाएकी इतके क्रूर झाले, असे कोणी म्हणणार नाही. दोन्ही फेऱ्यांचे आकडे सरळ तुलनेचेही नाहीत. तरीही भाषेच्या अभ्यासकाला त्यात एक गोष्ट दिसते. ‘मार’ या शब्दात आपण एक पायरी गृहीत धरलेली असते. एखादी थप्पड, एखादा धक्का त्या पायरीखाली राहतो. “तसा मारत नाही हो, कधी हात उचलतो इतकेच,” हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. कृतीचे नाव घेतले की ती पायरी नाहीशी होते.

प्रश्न कोणाच्या देखत विचारला, यालाही तितकेच महत्त्व. या भागासाठी घरातील एकच स्त्री निवडतात, आणि एकांत नसेल तर प्रश्न विचारायचे नाहीत असा नियम आहे. मीरा-भाईंदरच्या एका खोलीच्या घरात, जिथे सासू, मुले आणि रात्रपाळीहून येऊन झोपलेला नवरा एकाच छताखाली असतात, तिथे हा एकांत कसा मिळवायचा? जागेची टंचाईही अशा रीतीने आकड्यात उतरते.

2019-21 च्या पाचव्या फेरीत देशाचे प्रमाण 29 टक्क्यांवर आले (या वेळी 18 ते 49 वयाच्या स्त्रिया विचारात घेतल्या होत्या). महाराष्ट्रात मात्र चौथ्या फेरीतील सुमारे 21 टक्क्यांवरून ते 25 टक्क्यांवर गेले. टाळेबंदीकडे बोट दाखविता येत नाही, कारण राज्यातील मुलाखती 2019 मध्येच संपल्या होत्या. मग हिंसा वाढली, की बोलण्याचे धैर्य? केवळ आकडा याचा निवाडा करू शकत नाही. त्याच फेरीत हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी 77 टक्के जणींनी मदतही मागितली नव्हती आणि कोणाला सांगितलेही नव्हते, असे नोंदले आहे. म्हणजे अनेकींनी आयुष्यात पहिल्यांदा हे सांगितले ते प्रश्नावली घेऊन आलेल्या एका अनोळखी बाईला.

येथे एक विसंगती नजरेआड करता येत नाही. सरकारी सर्वेक्षण पतीने केलेल्या लैंगिक बळजबरीविषयी विचारते, उत्तर नोंदवून घेते आणि छापते. पाचव्या फेरीत लैंगिक हिंसा सांगणाऱ्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे 82 टक्के जणींनी सध्याच्या पतीकडेच निर्देश केला. परंतु 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अठरा वर्षांवरील पत्नीशी पतीने केलेला संबंध बलात्काराच्या व्याख्येबाहेरच ठेवलेला आहे. सर्वेक्षणाच्या तक्त्यात जी हिंसा, ती फौजदारी कायद्यात बलात्कार नाही.

आमच्या शहरापुरते सांगायचे तर 2011 च्या जनगणनेनुसार मीरा-भाईंदरची लोकसंख्या 8 लाखांहून अधिक होती. चौथ्या फेरीपासून या सर्वेक्षणाचे जिल्हावार आकडे मिळतात. लसीकरण, रक्तक्षय, प्रसूती यांची ठाणे जिल्ह्याची टक्केवारी कोणालाही पाहता येते. हिंसेचा भाग मात्र मोजक्याच घरांत विचारला जात असल्याने त्याचा आकडा राज्यापाशी थांबतो. आमच्या शहरातील किती स्त्रियांना मार बसतो, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

त्या विद्यार्थिनीला पुढच्या तासाला मी एवढेच सांगितले : ताराबाईंच्या काळी किती, ते आता कधीच कळणार नाही, कारण त्या बायकांना कोणी विचारले नाही. यावर ती म्हणाली, “मॅडम, आमच्या इमारतीत तरी अजून कुणी कुठे विचारले आहे?” या वेळी वर्गात कोणी हसले नाही.