वसईच्या घंटा आणि घड्याळाचे मोल

१७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई घेतली आणि तिकडच्या चर्चमधील घंटा विजयचिन्हे म्हणून देवळांत पोहोचल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर १७२१, भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ हे साल आहे. प्रार्थनेची वेळ सांगणाऱ्या या वस्तूंची किंमत धातूच्या वजनावर करावी काय? वसई-विरारमधील एखाद्या कपाटातल्या भारी घड्याळापाशीही आम्हांला हाच प्रश्न पडतो. २०२१पासूनच्या 'भारत गृह रक्षा' विम्यात मौल्यवान चीजवस्तूंना आधी ठरवलेल्या मूल्याचे ऐच्छिक संरक्षण मिळते. एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू १ लाखाच्या आत असेल, तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही. (भारी घड्याळ ही वेस सहज ओलांडते!) घंटांना दाखला कोण देणार? वसईच्या जुन्या ख्रिस्ती घराण्यांना विचारले तर मोल निराळे येईल, नाशकात विचारले तर निराळे.