धुरकट खोलीचा प्रश्न : फ्रँकलिन आणि रम्फर्ड

इंग्लंडच्या आर्थिक इतिहासात दगडी कोळशाचा विचार बहुधा कारखान्यांच्या संदर्भात केला जातो. घराच्या संदर्भात तो क्वचितच होतो. वस्तुतः लंडनमधील कुटुंबांचा कोळशाशी परिचय वाफेच्या यंत्राहून पुष्कळ जुना आहे. लाकूड महाग होत गेले, तसा न्यूकॅसलकडील कोळसा समुद्रमार्गाने येऊन सतराव्या शतकात घरोघर जळू लागला. परंतु तो ज्या आगटीत जळावयाचा ती पुष्कळ घरांत लाकडाच्या ओंडक्यांसाठी बांधलेली, रुंद, खोल आणि वर सताड उघडी अशीच राहिली. या विसंगतीतून दोन तक्रारी चिरस्थायी झाल्या. एक, धूर खोलीत परत येतो. दुसरी, आगीसमोर बसूनही पाठ गारठते. या तक्रारींच्या निवारणाचा इतिहास हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

आपल्याकडील जुन्या घरांत चुलीचा धूर कौलांच्या फटींतून वाट काढी, आणि शेगडीस तर नळीच नसे. त्यामुळे भिंतीतील आगटीचे कार्य थोडे विशद करणे अवश्य आहे. आगीने तापलेली हवा हलकी होऊन धुराड्यातून वर जाते. तिची जागा खोलीतील हवा घेते, आणि खोलीत तितकीच थंड हवा दारे-खिडक्यांच्या फटींतून शिरते. या अखंड ओघास धुराड्याची ओढ म्हणता येईल. धूर स्वतःच्या हलकेपणाने वर जातो हा समज चुकीचा आहे. वर जाणारी हवा त्यास वाहून नेते. हा ओघ खुंटला की धूर खोलीत पसरतो, आणि तो प्रमाणाबाहेर वाढला की घरातील उष्णता धुराड्यावाटे निघून जाते.

फ्रान्समध्ये निकोला गोझे याने १७१३ मध्ये आगटीमागील पोकळीत हवा तापवून ती खोलीत सोडण्याची युक्ती ग्रंथरूपाने मांडली; देझागुलिए याने १७१५ मध्ये तिचे इंग्रजी भाषांतर केले. बेंजामिन फ्रँकलिनच्या प्रयत्नांस हीच पार्श्वभूमी होती. त्याने फिलाडेल्फिया येथे १७४४ मध्ये आपल्या ओतीव लोखंडी आगटीची माहिती देणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. या आगटीचे एकस्व देऊ केले असता त्याने ते नाकारले, ही गोष्ट सुप्रसिद्ध आहे. आगटीचा दोष मात्र तितकासा सांगितला जात नाही. तिच्यात धुरास प्रथम खाली उतरून मग वर चढावे लागे. यास्तव नळी पुरेशी तापलेली नसल्यास ओढ निर्माण होणे कठीण जाई.

आमच्या मते फ्रँकलिनचे खरे कार्य या आगटीत नसून, १७८५ मध्ये युरोपातून परतताना जहाजावर त्याने यान इंगेनहाउस यास लिहिलेल्या दीर्घ पत्रात आहे. त्यात धुराडी धुरकटण्याची नऊ कारणे त्याने वेगळी केली आहेत. नवीन, घट्ट बांधणीच्या घरात हवेस शिरण्यास वाटच नसणे. आगटीचे तोंड फार मोठे असणे. नळी आखूड असणे. एकाच दालनात दोन आगट्या पेटलेल्या असताना प्रबळ आगटीने दुर्बळ आगटीच्या धुराड्यातून हवा खाली खेचणे. शेजारच्या उंच इमारतीवरून वा टेकडीवरून वारा धुराड्यावर आदळणे, ही त्यांतील काही होत. कारण वेगळे तर उपायही वेगळा, हा त्याचा आग्रह आहे. पहिल्या कारणाची परीक्षा तर कोणाही गृहस्थास करता येईल अशी आहे. आग पेटवून दार हळूहळू लोटावे. धूर बाहेर येऊ लागताच ते किंचित उघडून धूर थांबेल तेथे स्थिर करावे, आणि राहिलेली फट मोजावी. दार आठ फूट उंच व फट अर्धा इंच असेल, तर त्या खोलीस ४८ चौरस इंचांची, म्हणजे सहा इंच गुणिले आठ इंच, एवढी वाट हवी. इतकी मोठी वाट क्वचितच लागते, असेही तो लगेच बजावतो.

यानंतर अकरा वर्षांनी, १७९६ मध्ये, काउंट रम्फर्डचा आगट्यांवरील निबंध प्रसिद्ध झाला. मॅसॅच्युसेट्समध्ये १७५३ साली जन्मलेला हा बेंजामिन टॉम्सन बव्हेरियाच्या सेवेत सरदारपदास चढला होता. फ्रँकलिनची नऊ कारणे त्याच्या हाती जवळजवळ एका उपायापाशी येऊन मिळाली : धुराड्याचा गळा, म्हणजे आगीच्या थेट वरचा भाग, चिंचोळा करणे. गळ्याची खोली सुमारे चार इंच ठेवावी. आगटीची पाठ पुढे आणून तिची रुंदी समोरच्या तोंडाच्या एक तृतीयांश करावी. बाजूच्या भिंती पाठीशी १३५ अंशांचा कोन करून तिरप्या बांधाव्यात. समोरच्या पट्टीची आतील धार गोलसर करावी. लोखंड टाळून विटा वापराव्यात व त्यांस पांढरा रंग द्यावा, कारण खोलीस मिळणारी ऊब मुख्यतः प्रारणाने मिळते, तापलेली हवा तर वर निघून जाते. सुमारे पाचशे धुराडी आपण हाताखालून घातली, असे तो सांगतो.

हा उपाय यशस्वी का झाला, याचे उत्तर ओढीच्या गणितात आहे. गळा अरुंद झाला की वर जाणारी हवा कमी होते. म्हणून फटींतून येणारा गारठाही घटतो आणि घट्ट बांधलेल्या घरातही हवेची वाण पडत नाही. दोन्ही तक्रारींचे मूळ एकच असल्याचे यावरून सिद्ध झाले. शिवाय जुने धुराडे पाडावे लागत नव्हते, थोड्या विटा व चुन्याने काम भागे. निबंधात गवंड्यांसाठी आकृत्यांसह सूचना आहेत, हे त्याच्या प्रसाराचे एक कारण असावे. जेम्स गिलरेने १८०० मध्ये रम्फर्डचे आगीकडे पाठ करून उभे असलेले व्यंगचित्र काढले. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’च्या नायिकेची, प्राचीन मठात भव्य आगटीऐवजी ‘रम्फर्ड’ पाहून, मोठीच निराशा होते.

परंतु खोलीबाहेर काय घडत होते हेही पाहिले पाहिजे. कोळशासाठी बांधलेल्या वाकड्यातिकड्या, अरुंद नळ्यांत काजळी साचे, आणि ती खरवडण्यास लहान मुले आत चढविली जात. पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने १७७५ मध्येच या धंद्यातील लोकांस होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला होता. झाडणाऱ्यासाठी गळ्यातील एक दगड काढता येईल असा ठेवावा, ही सूचना रम्फर्डने केली. गळ्याच्या वरच्या वळणांचा प्रश्न तिने सुटण्यासारखा नव्हता. जॉर्ज स्मार्टचा जोडदांड्याचा कुंचला १८०३ च्या सुमारास उपलब्ध असतानाही मुले चढतच राहिली, कारण अनेक नळ्यांची वळणे त्यास मानवत नसत आणि त्या दुरुस्त करण्याचा खर्च घरमालकांस नको होता. मुलांना चढविण्यास बंदी घालणारे विधेयक १८१९ मध्ये उमराव सभेने फेटाळले. एकवीस वर्षांखालील व्यक्तीस चढविणे १८४० च्या कायद्याने निषिद्ध ठरले, तरी त्याची अंमलबजावणी १८७५ मध्ये पोलिसांकडून परवाना घेण्याची सक्ती झाल्यावरच परिणामकारक झाली.

धुराविषयीही असेच झाले. फ्रँकलिन व रम्फर्ड या दोघांनीही इंग्रज माणसाची ज्योत डोळ्यांसमोर असण्याची आवड गृहीत धरली होती. युरोपातील बंद शेगड्यांची काटकसर रम्फर्डला बव्हेरियातील वास्तव्यामुळे ठाऊक असूनही त्याने उघडी आगटीच सुधारली. खोलीतून हुसकलेला धूर शहरावर साचत राहिला. डिसेंबर १९५२ मधील लंडनच्या धुरक्याने हजारो माणसे दगावल्यावर १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्याने घरगुती आगटीच्या धुरास प्रथमच व्यापक निर्बंध घातले. इंग्लंडमध्ये घरात जाळण्याच्या पारंपरिक कोळशाची विक्री पूर्णपणे बंद झाली ती १ मे २०२३ पासून.